अलीकडची नळी, पलीकडचं पाणी

मी नळी बोलतेय. झाडांना पाणी घालायची, रबरी, हिरवी. हिरवी म्हणजे एके काळी; आता माझा रंग विचाराल तर उन्हात विसरलेल्या साबणाच्या वडीसारखा आहे. मला तोंडं दोन आणि पोट एकच. एका तोंडाने घेते, दुसऱ्याने देते. दोन तोंडांची माणसं तुमच्यातही बरीच आहेत म्हणा, पण त्यांची दोन्ही तोंडं घेणारीच.

शिक्षण अर्धवट. दुकानातून निघाले ती थेट एका शाळेच्या बागेत. वर्गाच्या खिडकीखाली पडून असायचे. आत बाई शिकवायला लागल्या की मी, कान नसताना, कान टवकारायचे. आणि धडा रंगात आला रे आला, की शाळेचा माळी मला ओढून पुढच्या वाफ्याकडे न्यायचा. त्यामुळे मला सगळ्या धड्यांची सुरुवात येते, शेवट एकाचाही येत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते इथपर्यंत मला ठाऊक आहे. का फिरते, ते कोबीच्या वाफ्यात राहिलं.

तिथून मला काढलं त्यात माझा काही दोष नव्हता. मुख्याध्यापिकाबाई माळ्याला रागवायला तोंड उघडून वळल्या, आणि मीही नेमकी तेव्हाच वळले. दुसऱ्या दिवशी माझी बदली रस्त्यावर झाली.

रस्ता चांगला रुंद. अलीकडे एक शहर, पलीकडे दुसरं. मध्ये मातीचा लांबलचक पट्टा, ज्याला कागदावर दुभाजक म्हणतात. दोन्ही शहरांची हद्द त्याच्या बरोबर मधून जाते. म्हणजे निम्मा पट्टा यांचा, निम्मा त्यांचा आणि काळजी कुणाचीच नाही. अलीकडचा झाडूवाला सकाळी कचरा हद्दीपलीकडे ढकलायचा, पलीकडचा दुपारी तोच परत पाठवायचा. एक फाटकी चप्पल तर इतक्या वेळा इकडून तिकडे गेली, की एका पायाने एवढा प्रवास जगात कुणी केला नसेल.

मग कधीतरी दोन्ही शहरांना एकदमच लाज वाटली. ठरलं, की जुना पट्टा उकरायचा आणि सगळी मिळून एकच बाग करायची. पाणी पलीकडच्यांचं, नळी अलीकडच्यांची. देखरेखीला दोघांत मिळून एक साहेब. साहेबांनी कांचनाची झाडं निवडली, कारण कांचनाच्या पानाला पंख दोन आणि देठ एक. ते पान हातात धरून त्यांनी दोन शहरांच्या मैत्रीवर भाषण केलं. भाषण संपेपर्यंत पान वाळलं होतं.

शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "पुढच्या महिन्यात बघायला येतो. झाडं जगली तर बाग. नाही जगली तर सिमेंट ओतून मोकळं व्हायचं, दोन्हीकडची सही झालेली आहे."

पाणी घालायला अलीकडचा माळी आणि पलीकडची माळीण. एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा. आता गंमत बघा, माळ्याची लेक माळिणीच्या मुलाला दिलेली. म्हणजे हे दोघं व्याही आणि विहीण. या नात्यातल्या माणसांना एका कामावर लावणं म्हणजे काय, तर दोघंही एकमेकांना खुर्ची देत उभी आणि खुर्ची रिकामी.

"विहीणबाई, तुम्ही राहू द्या. ऊन लागेल."

"पलीकडेही ऊनच असतं हो, व्याहीबुवा. तुम्ही गुडघा सांभाळा."

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?"

"काही नाही. मुलांच्या लग्नात तुम्ही जिना चढत होतात, तेव्हा मागे मीच होते. जेवायला उशीर झाला आम्हाला."

असं गोड चाललेलं. पण मनात काय शिजत होतं ते मलाच ठाऊक. माळी म्हणायचा, लेक त्यांच्या घरात आहे, आपण थोडं जास्त केलेलं बरं. म्हणून तो विहीणबाईंच्या दिवशीही पहाटे येऊन गुपचूप पाणी घालून जायचा. विहीणबाई म्हणायच्या, उद्या लोक बोलतील मुलाकडचे आयते बसतात. म्हणून त्या व्याह्यांच्या दिवशी, ते घरी वळले की संध्याकाळी मला हातात घ्यायच्या. माझ्या पोटाला विश्रांती नाही. आणि झाडांचं काय होत असेल? पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात ना, तसं. बिचारी नको म्हणू शकत नव्हती.

झाडं पिवळी पडली. तहान लागली तरी झाड पिवळं होतं आणि पाणी जास्त झालं तरी पिवळंच. त्याला दुसरा रंग कुठे येतो. माळ्याला वाटलं, विहीणबाई हात आखडता घेतायत. विहीणबाईंना वाटलं, व्याहीबुवा गुडघ्यापायी कामचुकारपणा करतायत. तोंडावर बोलेल कोण? नातं नाजूक. मग दोघांनीही तोंड दाबून आणखी पाणी सोडलं. पानं खाली पडायला लागली. सिमेंटवाला एकदा येऊन पट्ट्याची लांबी मोजूनही गेला, शीळ घालत.

माझी तोंडं दोन, पण बोलायला एकही कामाचं नाही. मला येते ती एकच भाषा.

त्या दिवशी पाळी विहीणबाईंची. माळी पहाटे येऊन गेलेला आणि घाईत मला रिकामी न करताच गुंडाळून ठेवलेलं. विहीणबाईंनी मला उचललं, आणि मी पोटातलं सगळं गार पाणी त्यांच्या बुटांत ओतलं. खरं सांगते, इतकं समाधान मला मुख्याध्यापिकाबाईंच्या वेळीही झालं नव्हतं.

त्यांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सकाळच्या चहासाठी परत येऊन कठड्यावर बसलेल्या माळ्याकडे.

"व्याहीबुवा, आज दिवस कुणाचा?"

"तुमचाच की."

"मग या नळीला घाम आलाय का?"

"दव पडलं असेल."

"दव आतून पडतं होय तुमच्याकडे?"

तेवढ्यात माळ्याची लेक थर्मास घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, "ऐक, तुझे बाबा माझ्या दिवशी चोरून पाणी घालतात."

लेकीने शांतपणे कप मांडले. "हो. आणि तुम्ही बाबांच्या दिवशी."

"तुला ठाऊक होतं?" दोघं एका सुरात. मुलांच्या लग्नानंतर प्रथमच त्यांचा सूर जुळला.

"दोघांनीही मला शपथ घातली होती. एकाची मोडली असती तर दुसऱ्याला राग आला असता. आज दोघांचीही मोडली, फिट्टंफाट. साखर घालू का?"

विहीणबाईंना हसू फुटलं, माळ्यालाही. पण हसता हसता तो खाली वाकला, झाडाच्या बुंध्याशी बोट खुपसलं, बाहेर काढून हुंगलं, आणि त्याचं हसू गेलं. आंबट वास येत होता. "मुळं कुजायला लागलीत, विहीणबाई," तो म्हणाला. "आपण मारली."

"मेलेली नाहीत अजून. उठा."

त्या दिवशी चहा तसाच गार झाला. दोघांनी मिळून प्रत्येक झाडाभोवतीची माती मोकळी केली, साचलेलं पाणी जायला चर काढले, काळा पडलेला चिखल उचलून कोरडी माती घातली. व्याहीबुवांचा गुडघा वाजत होता आणि विहीणबाई चक्क काही बोलत नव्हत्या. मला पेटीत ठेवून वर कुलूप. आठवडाभर थेंब नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही न करून मी कुणाच्या उपयोगी पडत होते.

आणि साहेब ठरल्याआधीच उगवले. अर्धी बोडकी झाडं पाहून म्हणाले, "पाणी घातलेलं दिसत नाही."

"साहेब, उलट जास्त झालं होतं, म्हणून..." माळी सांगायला लागला.

"पाणी कधी जास्त होतं का? आणा ती नळी. माझ्यासमोर घाला. भरपूर."

आता नळाचं तोंड रुंद आणि माझं अरुंद. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आम्हाला जोडावं लागायचं. त्या दिवशी पट्टी विहीणबाईंनी बांधली. त्यांनी मारलेली गाठ एरवी दातांनी सुटत नाही. पण त्या दिवशी बांधताना त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी समजले.

"सोडा," साहेब म्हणाले. माळ्याने नळ पूर्ण सोडला. मी सुटले, आणि नळातून आलेली धार साहेबांच्या टायपासून खिशातल्या पेनापर्यंत कुठेही कोरडं न ठेवता गेली. भरपूर म्हणाले होते, भरपूर मिळालं. झाडांना चूळभर पाणीही पोचलं नाही.

साहेब कपडे बदलायला गेले ते सर्दीने घरीच अडकले. ते परत येईपर्यंत फांद्यांवर कोवळी पानं आली होती, दोन पंख मिटून बसलेली. साहेबांनी एक पान दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "बघा, मी सांगितलं होतं ना, पाणी घाला म्हणून."

"हो साहेब," व्याही-विहीण म्हणाले. सिमेंटचा कागद साहेबांनी तिथेच फाडला. तेवढ्यासाठी मी त्यांचं बाकी सगळं माफ केलं.

पुढे उन्हाने मला जागोजागी चिरा पडल्या. दोन्ही शहरांनी मिळून नवी नळी घेतली, निळी, नाकासमोर वागणारी. माळी मला कचऱ्यात टाकायला निघाला, तर विहीणबाईंनी सुरी काढली आणि माझे वीत-वीतभर तुकडे केले. वाऱ्यात वाकू नये म्हणून प्रत्येक झाडाला दोन तारांनी आधार दिलाय, एक तार अलीकडच्या खुंटीला, एक पलीकडच्या. ती तार खोडाला कापू नये म्हणून तारेवर मी चढवलेली आहे. वारा आला की तार माझ्यात रुतते, झाडाला कळतही नाही.

तेव्हा आता मी एक नाही, डझनभर आहे, आणि प्रत्येक तुकड्याला तोंडं दोनच. एकच मागणं आहे. झाडं जाड होतायत. आधार वेळेवर सैल केला नाही, तर ज्या झाडांना मी सांभाळलं त्यांचाच गळा मी आवळीन. तिसऱ्या झाडाची तार आताच रुतायला लागलीय. जाता जाता तेवढी ढिली कराल का? पक्कड माळ्याच्या पेटीत असते. कुणी पाठवलं विचारलं, तर विहीणबाईंनी म्हणा. तो तुम्हाला पक्कड देणार नाही. स्वतःच उठून येईल.