ऐंशीव्या मिनिटानंतर

मित्रांनो, मी चित्रपटाची एक जुनी डीव्हीडी आहे. माझ्या अंगावर हाताने रंगवलेल्या चित्रांचा जपानी चित्रपट कोरला आहे. समुद्राने गिळलेले शहर, त्याचे पाणी उपसणारे यंत्रमानव, आणि लहान बहिणीला मनोऱ्यावर ठेवून मदत आणायला निघालेला एक मुलगा.

मुर्री गावच्या अश्विनने मला नागपुरातून जुन्या मालातून निवडून आणले. त्याची धाकटी बहीण पिंकी सिकलसेल या रक्ताच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली होती. सांधे ठणकू लागले की ती मला लावायला सांगे. पडद्याखालची इंग्रजी अक्षरे अश्विन तिला आपल्या बोलीत वाचून दाखवी.

माझे गुण तिनेच ओळखले. "दादा, पाणी पाह्य ना! बोडीतल्या पाण्यावानी हालून राहिलं." बोडी म्हणजे त्यांच्या गावचे तळे. दोषही तिनेच काढले. "हा पोरगा निस्ता भाषण देऊन राहिला. थे पोरगी तिकडं एकटी हाये. तिले कोणी इचारत काऊन नाही?"

"शेवटी इचारतेत," अश्विन म्हणाला. शेवट त्यानेही पाहिला नव्हता. ऐंशीव्या मिनिटाला, एका ओरखड्यापाशी, मी नेहमी अडकत असे.

नागपूरच्या इस्पितळात भरती व्हायचा दिवस उजाडला, तेव्हा पिंकी हट्टाला पेटली. "थ्या पोरीचं काय झालं, थे पाहूनच जाईन."

त्यांची आई कुसुमबाई राइस मिलमधल्या तुसाच्या राखडीने भांडी घासून लखलखीत करीत. त्यांनी मलाही मोरीवर नेले आणि तितक्याच मायेने, जोर लावून घासले. माझी आरशासारखी बाजू पांढुरकी झाली.

"आई, हे का भाताचा गंज होय घासाले?" अश्विन ओरडला.

कुसुमबाईंचे हात थबकले. "मले वाटलं, मळ असन."

मला लावून पाहिले, पण पडदा काळाच राहिला. पिंकी मात्र हसली. "जाऊ दे, आता हिच्यावर पापड वाळव." मग ती हळूच म्हणाली, "दादा, तूच सांग. पुढं काय होते?"

अश्विन म्हणाला, "भाऊ वापस येते. तिले खांद्यावर घेऊन जाते."

तिने डोळे मिटून घेतले. नागपूरहून ती परतली नाही.

खरा शेवट या घरात मला एकटीलाच ठाऊक आहे. शहरावर सूर्य उगवतो, संगीत उंच चढते, आणि मनोऱ्याकडे कोणीच परत जात नाही. माझ्या चित्रकारांनी लाटेचा थेंब न् थेंब रेखाटला. त्या मुलीला मात्र ते विसरले.

खराब तबकड्या यंत्रावर घासून पुन्हा चालू करतात म्हणे. अश्विन तशा दुकानाचा पत्ता शोधतो आहे. मित्रांनो, तुमच्या तबकड्या कडेला धरा, मऊ कापडाने पुसा, जपा. मला मात्र दुरुस्त करू नका. त्याने बहिणीला सांगितलेला शेवट माझ्याजवळ नाही.