एका अंगाला ओढलेलं तोंड

नणंदेने बरणीचं झाकण उचललं, जरासं फिरवलं आणि परत ठेवलं. ते डुगडुगलं.

"वहिनी, हे झाकण आहे की दादाचा स्वभाव? एकाच बाजूनं बसतं."

"दुकानातून परत आली?"

"या महिन्यातली तिसरी."

"माझी चूक. बदलून देते."

ही चूक तिची नव्हती. सव्वीस वर्षं बरणी नवरा घडवत होता आणि झाकण ती. आधी तो चाकावरून ओली बरणी उतरवायचा, मग ती तोंडाचं माप घेऊन त्याच मातीचं झाकण करायची. दोन्ही एकत्र सुकायची, एकत्र आटायची आणि झाकण घातलेली बरणीच भट्टीत दगडासारखी टणक भाजून निघायची. गेल्या हिवाळ्यात माप घेताना तिला दिसलं, की बरणीचं तोंड एका अंगाला दोऱ्याइतकं ओढलं गेलंय. तिने खिडकीतून पाहिलं. चाकावर त्याचा डावा हात थरथरत होता. त्याला न सांगता, गोल झालेलं झाकण ओलं असतानाच दोन्ही तळव्यांत धरून तिने जरासं दाबलं. बसलं, पण एकाच जागी. तेव्हापासून ती प्रत्येक झाकण दाबत होती, आणि झाकण नीट बसतंय म्हणून तो निर्धास्त होता.

"दादाला सांग ना आता," नणंदेने आवाज खाली आणला. "पुरे झालं म्हणावं. साच्यातून काढू बरण्या. सगळ्या सारख्या, कटकट नाही."

"आणि चाकावरून उठला, की दिवसभर माझ्या डोक्यावर बसेल. ते कोण बघणार? तू नेतेस त्याला?"

"बाई गं! नको."

दोघी हसल्या. हसता हसता नणंदेचं लक्ष दाराकडे गेलं. तो हात पुसत आत आला. त्याने बरणी जवळ ओढली, झाकण काठावर ठेवून हळूहळू पूर्ण फिरवलं. एका ठिकाणी ते टक्कन बसलं. त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच.

"किती दिवस?"

"चहा टाकते," ती म्हणाली.

"किती दिवस, विचारतोय."

"हिवाळ्यापासून."

त्याने बरणी होती तिथे ठेवली, अगदी नीट, आणि निघून गेला. दुपारभर चाकाचा आवाज आला नाही. नणंद चहा न घेताच गेली. वहिनीने मात्र उद्यासाठी माती मळली, नेहमीएवढीच, आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला उठायला उशीर झाला. झाकणं करायच्या खोलीत आली तर फळीवर चार ओल्या बरण्या मांडलेल्या होत्या. तोंडं ओढलेलीच, कालच्यापेक्षा किंचित जास्त. प्रत्येकीच्या काठाखाली, ओढलेल्या अंगाला, नखाने मारलेली एक बारीक उभी रेघ होती.

"रेघ दिसतेय ना?" पलीकडून आवाज आला. चाक फिरतच होतं.

"दिसतेय. तीही वाकडी आलीय."

"असू दे."

तिने पहिलं झाकण घडवलं, तळव्यांत धरून दाबलं आणि टक्कन बसेल तिथे बरणीवर बसवलं. मग काडी घेतली आणि त्याची रेघ झाकणावर पुढे नेली, होती तशीच वाकडी.