काचेतल्या सात नंबरची कैफियत

मी सात नंबरची जर्सी बोलतेय. निळी, बाहीवर पांढरा पट्टा. माझ्यावर जो प्रसंग आला तो वैऱ्यावरही येऊ नये.

आमच्या पेल्टनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी दुकानं बंद होतात आणि सगळं गाव शाळेच्या फुटबॉलला लोटतं, म्हणजे हातानं चेंडू फेकायच्या अमेरिकन फुटबॉलला. यंदा मला अंगात घातलं टोबिन रस्कनं. नवा क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा, आणि हरलं की सगळ्यांच्या शिव्या खाणारा. पण पोरगं हरेचना! चेंडू असा फेकायचा की पकडणाऱ्याला फक्त हात पुढे करायचं काम उरायचं.

झालं. गावानं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

टायरवाला वेंडेल प्रूट हा गावचा जुना थोर क्वार्टरबॅक. आता पोट सुटलंय, पण ऐट तीच. तो म्हणाला, “माझ्यापेक्षा भारी आहे, मान्य. पण माझ्याही आधीच्या लेस्टर ग्रूमपेक्षा? लेस्टर मोडक्या बोटानं खेळायचा.”

“मग याचंही मोडू या का?” कुणीतरी विचारलं. दोघातिघांनी खरंच विचार केला हो!

तिसरा सामना जिंकल्यावर मात्र सर्वांनुमते ठरलं, की टोबिन आजवरच्या सगळ्यांहून थोर. आता आमच्याकडची रीत अशी, की थोर खेळाडूचा नंबर कायमचा बंद करायचा. जर्सी काचेत जाते, तो आकडा पुन्हा कुणी घालायचा नाही. हा मान माणसाचे केस गळल्यावर मिळतो. टोबिनला तर मिसरूडही फुटलं नव्हतं. पण दम कुणाला? बँड वाजला, टोबिनची आई लोरेटा रडली, आणि शाळेच्या व्हरांड्यात मला खिळ्यांनी ठोकलं.

टाळ्या थांबल्यावर टोबिननं विचारलं, “कोच, येत्या शुक्रवारी मी काय घालू?”

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“सात नंबर कुणीच घालायचा नाही,” वेंडेल म्हणाला.

“पण तो माझाच आहे ना!”

“म्हणून तर जास्त जपायचा, बाळा.”

त्याला एका आडव्यातिडव्या पोराची जर्सी मिळाली. बाह्या कोपराखाली यायच्या. हात अडकला, नेम चुकला, सामना गेला. लगेच लोक म्हणायला लागले, “सात नंबर असता तर हा चेंडू सुटला नसता. सात नंबर कधी हरला नाही!” अरे शहाण्यांनो, मी हरेन कशी? मला खेळवतंय कोण?

वेंडेल त्याला माझ्यासमोर उभा करून म्हणाला, “याच्याकडून काहीतरी शीक.”

“अहो मिस्टर प्रूट, हा मीच आहे.”

“होतास रे. पण तो काळच वेगळा होता.”

तो काळ म्हणजे मागचा महिना.

आणखी एक सामना गेला. कोचनं बजावलं, “आता हरलास तर बाकावर बसायचं. दुसरा पोरगा बघतो.” त्या दुपारी टोबिन माझ्यापुढे येऊन ढसाढसा रडला. “मला थोर नाही व्हायचं, आई,” तो मागे आलेल्या लोरेटाला म्हणाला. “मला फक्त खेळायचंय.” माझा तर धागा न् धागा तुटला.

लोरेटा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ती आत गेली, जाड लाटणं घेऊन आली आणि म्हणाली, “मागे हो.” खळ्ळकन काच फुटली.

शुक्रवारी तो मला घालून मैदानात उतरला, तर आपलंच गाव ओरडायला लागलं. “कोण समजतो हा स्वतःला? सात नंबरची बरोबरी करतोय!” वेंडेल तर बाकावर चढून किंचाळला, “काढ ती!”

टोबिननं पहिलाच चेंडू फेकला तो थेट समोरच्या संघाच्या हातात. मग आम्ही चिखलात पडलो, उठलो, परत पडलो. माझी बाही उसवली. शेवटी शेवटी दोन चेंडू काय सुरेख गेले! पण सामना हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत टोबिन मान खाली घालून बसला होता. वेंडेल आला, त्यानं माझ्यावरचा चिखल बघितला. आता पोराची तुलना करायला काचेतला न हरणारा सात नंबर उरलाच नव्हता.

“पहिल्या वर्षी मीही असाच चेंडू घालवला होता,” तो हळूच म्हणाला. “लोक विसरले. मी नाही.”

“मग काय केलंत?”

“पुढचा फेकला.”

दारातून कोच म्हणाला, “रस्क, बाकाचं राहू दे, सोमवारी सरावाला वेळेवर ये. बाही तेवढी शिवून घे.”

तेव्हापासून आम्ही कधी जिंकतो, कधी सपाटून हरतो. मी विटलेय, दंडावर ठिगळ आहे. तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरातलं पोर गुणी निघालं तर त्याला पोटभर शाबासकी द्या, पण लगेच भिंतीकडे बघत खिळा शोधू नका. त्याला अजून खेळायचं असतं हो.