होडीतलं ओझं

मी एक जुनी होडी आहे, आणि मित्रांनो, सध्या माझ्या पोटात बर्फ भरलेला आहे. बर्फात बाटल्या, बाटल्यांभोवती पाहुणे. आफ्रिकेतल्या ओकावांगो नदीच्या पाण्यावर सव्वीस वर्षं राबल्यावर मला पाहुण्यांच्या लॉजवर ही जागा मिळाली. लोक याला सन्मान म्हणतात. लोकांचं काय, ते कशालाही काहीही म्हणतात.

दुधीसारखी लांबलचक फळं लोंबणाऱ्या झाडाच्या अखंड खोडातून केलापिलेने मला वाकसाने तासलं. दोन महिने लागले. तेव्हा तो ऐन विशीत होता. त्याने बायको, ओरातिले, माझ्यातूनच घरी आणली. पुढे मी मासे वाहिले, छपराची लव्हाळी वाहिली, अडलेल्या बायका दवाखान्यापर्यंत वाहिल्या. एकदा एक वासरू वाहिलं. त्याने घाण केली, पण नावाड्याला शिकवायला गेलं नाही. तेवढी अक्कल त्या वासराला होती.

मग पाहुणे येऊ लागले. पाऊस सरला की कोरडा मुलूख सोडून हजारो झेब्रे आमच्या पाण्याकडे येतात. ते कुणाला विचारून येत नाहीत. पाहुण्यांना मात्र ते न्याहारीनंतर लगेच, ऊन चांगलं असताना आणि तोंड इकडे करून उभे असलेले हवे असतात. इतके समुद्र ओलांडून माणसं आली, पण त्यांना माझ्यात नीट बसताही येत नव्हतं. कुणी उठून उभं राहायचं, कुणी पाण्यात बोटं बुडवायचं. मगरीला भूक नव्हती, एवढंच त्यांचं नशीब. पण मी बोलले नाही. केलापिलेकडे नावाड्याचा परवाना होता, त्याच्या घरची चूल त्यावर पेटत होती आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे होडी रेटायची काठी हातात घेऊन माझ्या मागच्या टोकाला उभा राहिला की तो सुखी असायचा.

आमच्याकडे एक रीत आहे. खोल डोहात शिरण्याआधी नावाडी काठीने होडीचा काठ ठोकतो आणि थांबतो. पाण्याखाली पाणघोडा असला तर तो डोकं वर काढतो, मग आपण वळसा घालून जायचं. दुसरी रीत याहून जुनी. होडीत बसलेला माणूस, मग तो गावप्रमुख का असेना, ओझ्यात धरतात. जो ओझ्याचं ऐकतो तो नावाडी नव्हे.

गेल्या वर्षी मोठ्या टोपीची एक बाई आली. पलीकडच्या काठावर झेब्रे पाण्यात उतरत होते, अलीकडे डोह होता. केलापिलेने काठी उचलली आणि बाई मागे न वळताच म्हणाली, "ठोकू नको! उधळतील ते."

आणि माझ्या शहाण्या केलापिलेने काठी खाली घेतली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. पाहुणी रुसेल म्हणून, लॉजवाले बोलतील म्हणून, की उन्हाने डोकं फिरलं म्हणून, ते मला आजही ठाऊक नाही. पुढच्याच क्षणी पाणघोड्याने मला खालून उचललं आणि माझी बरगडी फोडली. केलापिलेने बाईला पाठीवर घेऊन बेटावर आणलं. तिला खरचटलंही नाही. ती संध्याकाळभर बुडालेल्या कॅमेऱ्यासाठी रडली. झेब्रे काही उधळले नव्हते, ते पाणी पीत उभे होते.

गावसभेत प्रमुख मासोले यांनी विचारलं, काठ ठोकला होता का? केलापिले म्हणाला, विसरलो. सभेतल्या एकालाही ते पटलं नाही. विसरला म्हटलं तर माणूस चुकला एवढंच होतं. ओझ्याचं ऐकलं म्हटलं तर, परवाना असो वा नसो, स्वतःच्या नजरेत नावाडी म्हणून तो संपला. मासोले यांनी परवाना काढून घेतला, पण दार किलकिलं ठेवलं. बाईनेच अडवलं होतं असं तिने एका ओळीत लिहून दिलं, तर दोष तिचा आणि परवाना परत. ओरातिले लॉजच्या स्वयंपाकघरात आहे. तिने नवऱ्याला तिथेच बर्फाच्या बादल्या उचलायच्या कामाला लावलं. आणि लॉजवाल्यांनी मला पॉलिश मारून इथे मांडलं.

परवा ती बाई परत आली. टोपीही तीच. मला ओळखून किंचाळली आणि माझ्या काठाला टेकून तिने फोटो काढून घेतले. शेजारी बादली घेऊन उभ्या असलेल्या केलापिलेला तिने ओळखलं नाही. ओळखणार कशी? होडीत पाहुणा पुढे तोंड करून बसतो, आणि पाठीवर घेतलेल्याला चेहरा दिसत नाही.

ओरातिले मात्र हात पुसत बाहेर आली आणि तिने सरळ विचारलं, "बाई, काठ ठोकू नको असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

बाई जराही अडखळली नाही. "हो, मीच! ते ठकठक ऐकून सगळे पळाले असते. का गं, लिहून हवंय का कुणाला?" आणि तिने पर्समधून पेनही काढलं.

अहाहा! एक ओळ, मित्रांनो. दहा महिने ओरातिलेने याच ओळीची वाट पाहिली होती.

केलापिलेने बादली खाली ठेवली. "मॅडमना नीट आठवत नाही," तो म्हणाला. "त्या काही बोलल्या नव्हत्या. मी विसरलो."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. तिने मागे न वळता एक शब्द टाकावा आणि त्याने आपली काठी खाली घ्यावी, एवढं तिच्या बोलण्याला वजन आहे, हे कागदावर येऊ द्यायला तो तयार नव्हता. मला त्याचा इतका संताप आला की पुन्हा चिरले असते. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही वाटला. बाईला वाटलं, माणूस किती सभ्य आहे. ती गोड हसली आणि पेन आत ठेवून दुसऱ्या बाटलीकडे वळली.

ओरातिले हलक्या आवाजात म्हणाली, "आता जन्मभर बर्फ उचल."

"उचलीन," केलापिले म्हणाला.

अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू जपा, असं सांगतात. मला जपून काय करणार आहात? मी फुटकं लाकूड. पण कधी कुणाच्या होडीत बसायची वेळ आली, तर मित्रांनो, आपलं तोंड मिटून बसा. एवढं जपलंत तरी पुष्कळ झालं.