हाताची पावलं

राहील मणेरचा एक नियम होता आणि सगळी वाई तो जाणून होती. एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं एवढंसं दुकान. कव्हरं, चार्जर, फुटलेल्या काचा बदलून देणं, सगळं तिथंच. पण लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या व्हिडिओंमुळं. बाजारात स्वस्तातलं काही नवं आलं की तो ते महिनाभर घरातल्या कुणाला तरी वापरायला द्यायचा आणि मगच कॅमेऱ्यापुढं तोंड उघडायचा. "वापरल्याबिगर बोलायचं न्हाई," हे त्याचं वाक्य लोक त्यालाच रस्त्यात थांबवून ऐकवायचे. बाकीचे व्हिडिओवाले खोकं उघडायच्या आधीच कौतुकाला लागतात, त्यांचा राहीलला मनस्वी राग.

त्यामुळं तो स्वस्तातला फिटनेस बँड दुकानात आला तेव्हा प्रश्न एवढाच होता, की घालायचा कुणी. राहील स्वतः दिवसभर खुर्चीत. त्याच्या मनगटावर बांधला असता तर बँडालाच झोप लागली असती. घरात चालणारं माणूस एकच, त्याची आई मेहरुनबी.

मेहरुनबी बांगड्या भरायची. साठी उलटली तरी आठवड्यातले चार दिवस डोक्यावर बांगड्यांचं बोचकं घेऊन एसटीनं डोंगराकडच्या वाड्यांना जायची. बायका तिला तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त ओळखू यायच्या. कुणाचा अंगठ्याखालचा सांधा जाड, कुणाचं हाड लहानपणी मोडून वाकडं बसलेलं, कुणाला सव्वादोनचं माप होतं आणि बाळंतपणानंतर अडीच लागायला लागलं, सगळं तिच्या बोटांना पाठ. नवी नवरी घाबरून मूठ आवळायची, तेव्हा मेहरुनबी तिचा हात दाबत, चोळत म्हणायची, "हात सैल सोड, बाई. आवळलास की बांगडी बी जाती आन् कातडं बी."

पण गेल्या वर्षी वाडीची चढण चढताना तिचा गुडघा दगा देऊन गेला आणि ती बोचक्यासकट पडली. तेव्हापासून सांगलीची लेक, सबीना, हात धुऊन मागं लागली होती. फिरती बंद कर आणि सांगलीला येऊन राहा, हे एकच पालुपद. सबीनाचा फ्लॅट विश्रामबागेत, चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा. मेहरुनबी तिथं एकदा आठ दिवस राहून आली होती. शेजारची बाई लिफ्टमध्ये भेटली तर मोबाइलमध्ये बघत उभी राहायची. आठ दिवसांत एकाही परक्या हाताला हात लागला नाही. मेहरुनबीला सांगलीची भीती वाटायची, अगदी खरीखुरी भीती, आणि ती कुणाला सांगता येत नव्हती.

बँड बघून राहीलनं तोड काढली आणि थोरल्या बहिणीला, सबीनाला, फोन लावला. "आपा, असं करू. अम्मी महिनाभर हे घालंल. किती चालती, हृदयाचे ठोके किती, सगळं तुज्या फोनवर दिसंल. चालत असंल धडधाकट, तर तू तिला सोड. नसंल, तर ती येईल सांगलीला."

"कबूल," सबीना म्हणाली. मेहरुनबीही कबूल म्हणाली. आपण चालतो याबद्दल तिला काडीची शंका नव्हती.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. एसटीतून उतरून ती वाडीची चढण चढू लागली. बोचकं डोक्यावर, डावा हात वर नेऊन बोचक्याला धरलेला, आणि त्याच हाताला बँड. घामानं पाठ भिजली, श्वास लागला. आणि चिंचेच्या वळणावर बँड थरथरला. तिनं हात खाली घेऊन बघितलं. काचेवर खुर्चीतून उठणाऱ्या माणसाचं चित्र. फार वेळ बसून आहात, आता उठा.

"तुज्या मायला!" मेहरुनबी बँडाला म्हणाली. "मग ही कोन चालतीया?"

त्या दिवशी सबीनाचा फोन आलाच. "अम्मी, दिवसभर बसूनच होतीस की. वाडीला गेलतीस म्हणतीस ते खरं का?"

मेहरुनबीला असा राग आला की तिनं जेवताना भाकरीचे तुकडे नुसतेच मोडून ठेवले. चढण चढून आलेल्या माणसाला बसून राहिलीस म्हणायचं!

दोन दिवसांनी वाडीतच खालच्या आळीला लग्नाचा चुडा भरायचं काम निघालं. विजयमालाच्या पुतणीचं लग्न. विजयमाला म्हणजे सुभेदार हंबीररावांची बायको, मेहरुनबीची जुनी गिऱ्हाईक आणि त्याहून जुनी मैत्रीण. विजयमालाच्या सोप्यात घोंगडं टाकून मेहरुनबी बसली ती दिवसभर. साऱ्या भावकीच्या बायका ओळीनं आल्या. हात घ्यायचा, दाबायचा, चोळायचा, बांगडी चढवायची, पुढचा हात घ्यायचा. चहासुद्धा तिनं बसल्या जागी घेतला. आणि संध्याकाळी बँड थरथरला तो वेगळाच. काचेवर रंगीत फटाके उडाले. तिथल्या एका पोरीनं बघून सांगितलं, "आजी, तुमचं आजचं चालायचं काम पुरं झालं."

सबीनाचा फोन आला तो खुशीचा. "बघ, आज कशी चाललीस!"

 पण मेहरुनबी खुळी नव्हती. घोंगड्यावर बसूनच तिला उमगलं, की या यंत्राला पाय दिसत नाहीत. त्याला फक्त हात दिसतो. डोक्यावर ओझं धरलेला हात स्थिर, म्हणजे माणूस बसलेलं. बसल्या जागी हात चोळणारा हात हलता, म्हणजे माणूस चाललेलं.

ही गोष्ट तिनं राहीलला सांगायला हवी होती. सांगितली नाही. कारण खरी गोष्ट अशी होती, की त्या चढणीनं तिचा गुडघा रात्रभर ठणकला होता आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तिला कठड्याला धरून उभं राहावं लागलं होतं.

मग तिनं फिरती बदलली. एसटीतून उतरायचं, सपाटीवरून खालच्या आळीला जायचं, विजयमालाच्या सोप्यात बसायचं. वरच्या आळीला निरोप गेला, की बांगड्या भरायच्या असतील तर खाली या. बायका आल्याही. दोघीतिघींनी विचारलं, "आवं मेहरुनबी, वर का येत न्हाई आताशा?" ती म्हणायची, "वैनींचा चहा सुटत न्हाई गं." आणि रोज दुपार कलली की मनगटावर फटाके.

महिना सरत आला तशी सबीना विरघळली. "अम्मी, मी उगाच काळजी करत होते. फिर तू. तुला जेवढं फिरायचं तेवढं फिर."

मेहरुनबीनं फोन ठेवला आणि एकटीच हसली. जिंकल्याचा आनंद झाला होता, तो लपवण्यात काय अर्थ. यंत्र खोटं बोलत होतं, पण तिच्या बाजूनं बोलत होतं. आधी उलटं बोललं तेव्हा कुणी तिचं ऐकलं होतं का?

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका दुपारी विजयमाला चहाचा कप तिच्यापुढं ठेवत म्हणाली, "मेहरुन, मी पुण्याला निघाले. आमच्या लेकीचं, क्रांतीचं बाळंतपण. दोन महिने तरी येनं न्हाई."

"मग सुभेदारांचं कसं?"

"तेच की." विजयमाला सोप्याबाहेर बघत म्हणाली. समोर पारावर हंबीरराव पत्ते खेळत होते. पान टाकताना हात खांद्यापर्यंत उचलून आपटायची त्यांची सवय. पलटणीतच लागलेली. "हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासनं डॉक्टर सांगतोय, रोज चाला, न्हाई तर पुन्यांदा यावं लागंल आन् तवा मी हमी देनार न्हाई. मी मागं लागते तवा चालत्यात. मी नसल्यावर दिवसभर तिथंच बसनार, आन् फोनवर म्हननार, चाललो की. म्हनून म्हटलं, तुज्यासारकं त्यांच्या हाताला बांधते. पुण्यात बसून मला दिसंल."

मेहरुनबीनं कप खाली ठेवला.

"राहीलचा तो व्हिडिओ येतोय न्हवं उद्या? मी बी येते वाईला, तिथनंच घिऊन जाते," विजयमाला म्हणाली. "त्याला काय इचारायचं? तू रोज घालतीस, तुजं बघूनच घेते."

बाहेर हंबीररावांनी एक्का आपटला. मेहरुनबीला त्यांचं मनगट दिसलं, आणि त्यावर उडणारे फटाकेही दिसले.  एसटीत खिडकीशी बसून ती सारखी एकच हिशेब करत राहिली. बोलले तर सांगली. न बोलले तर विजावैनी पुण्यात निर्धास्त, आणि सुभेदार पारावर.

दुसऱ्या दिवशी दुकानात राहीलनं फोन तिवईवर लावला. विजयमाला स्टुलावर बसली होती. मेहरुनबीला त्यानं शेजारी उभं केलं आणि सुरुवात केली. "वापरल्याबिगर बोलायचं न्हाई, हे तुमाला म्हाईत हाय. महिनाभर हा बँड माज्या अम्मीच्या हातात व्हता. पट्टा तुटला न्हाई, पान्यानं काय झालं न्हाई, चार्जिंग आठ-आठ दिवस पुरतं. आता मेन गोष्ट. अम्मी, पावलं बरुबर मोजतो का?"

 राहीलनं भुवया उडवल्या.

मेहरुनबी विजयमालासमोर खाली फरशीवर बसली. पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या, विजयमालाचा हात हातात घेतला आणि दाबायला, चोळायला लागली. एक बांगडी चढवली, दुसरी चढवली, पुन्हा चोळलं. मग मनगट कॅमेऱ्यापुढं धरलं. बसल्या बसल्या आकडा वाढलेला होता.

"ह्यो पाय मोजत न्हाई," ती म्हणाली. "हात मोजतो. आन् माजा हात चालतो. पाय चालत न्हाईत. महिनाभर मी वरच्या आळीला गेलेच न्हाई. वैनींच्या सोप्यात बसून चालले." मग ती विजयमालाकडं वळली. "सुभेदारांच्या हातात बांधू नगा, वैनी. पत्ते आपटून ते पंढरपूरला जाऊन येतील, आन् तुमाला पुण्यात खरं वाटंल."

 राहीलनं फोनकडं हात नेला. "अम्मी, हे मी काढून टाकतो. आपा बघंल."

"काढू नगंस. वापरल्याबिगर बोलायचं न्हाई म्हनतोस, मग वापरलेलं बोलू दे की."

विजयमालानं हातातल्या नव्या बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला. मग पहिली सावरली तीच. "मग पायात बांधला तर?"

राहीलनं लगेच बँड स्वतःच्या घोट्याला बांधला. शेवटच्या भोकात जेमतेम बसला. हात खिशात घालून स्टँडापर्यंत पावलं मोजत जाऊन आला. आकडा बरोबर होता. व्हिडिओच्या शेवटी तो तेच म्हणाला. स्वस्तातला हाय, टिकाऊ हाय, पन बसून हातानं काम करनाऱ्यांनी पायात घाला. विजयमाला नवा बँड घेऊन गेली आणि जाता जाता म्हणाली, "सुभेदारांच्या पायात पैंजन! सारी वाडी बघाया येईल." पण घातला, आणि हंबीरराव शिव्या देत का होईना, चालायला लागले.

सबीनानं व्हिडिओ बघितला. तिचा फोन दोन दिवस आलाच नाही आणि आला तेव्हा ती रागावलेली नव्हती, हे जास्त अवघड होतं. "अम्मी, एकदा तूही पायात बांध," ती म्हणाली. "बोचकं घेऊन वरच्या आळीला जाऊन ये. पोचलीस, तर मी सांगलीचं नाव काढणार नाही. शप्पथ."

मेहरुनबी गेली. सकाळची वेळ होती, ऊन कोवळं होतं. पायात बँड, डोक्यावर बोचकं. पहिला चढ ती चढली. दुसऱ्याला गुडघ्यातून कळ आली ती थेट मांडीपर्यंत. चिंचेच्या वळणावर तिनं बोचकं उतरवलं आणि दगडावर बसली. जरा दम खाऊन निघू, असं म्हणाली. मग आणखी जरा. वरून वरच्या आळीतल्या बायकांची बोलणी ऐकू येत होती. ती उठली आणि गुडघ्यानं पुन्हा खाली बसवलं.

कितीतरी वेळानं घोट्याला बँड थरथरला. तिनं वाकून बघितलं. खुर्चीतून उठणारा माणूस. फार वेळ बसून आहात.

"व्हय रं बाबा," मेहरुनबी म्हणाली. "ह्या खेपेला तुजं खरं हाय."

आपले दोन्ही हात मांडीवर मुठी आवळून पडलेत, हे तिला तेव्हा दिसलं. मनातल्या मनात महिनाभर त्या तशाच होत्या. हजारो पोरींना जे सांगितलं ते तिनं स्वतःला सांगितलं आणि बोटं एकेक करून उघडली. मग फोन लावला.

"पोचलीस?" सबीनानं विचारलं.

"न्हाई. चिंचंपाशी बसलेय." तिनं बोचकं जवळ ओढलं. "रविवारी ये न्यायला. पन बोचकं बी येनार हाय संगं. तुज्या बिल्डिंगीतल्या बायकांना सांगून ठेव. लिफ्टनं मी खालवर करीन, हात मातुर रिकामा ठेवनार न्हाई."

सबीना हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. "पहिल्या मला भर, अम्मी. लग्नानंतर तू भरल्याच नाहीस."

मेहरुनबीनं बोचक्याची गाठ सोडली. आत्ताच काढून बाजूला ठेवाव्यात म्हणून तिनं हिरव्या बांगड्यांच्या माळेत हात घातला आणि थांबली. वाडीतल्या प्रत्येक बाईचं माप तिच्या बोटांत होतं. लेकीचं आठवेना.

"सबीना," तिनं विचारलं, "तुजं माप काय गं आता?"



"मला नाही माहीत," सबीना म्हणाली. "तूच येऊन बघ."