पडदा ओढू का?

मी एक पडदा. नाटकातला नव्हे, माझ्यासमोर कधी टाळ्या वाजल्या नाहीत. प्रसूतिगृहातल्या दोन खाटांच्या मध्ये, लोखंडी दांडीवरच्या कड्यांना लटकून माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म गिरणीत झाला. हिरव्या कापडाचा लांबलचक तागा होता आमचा. त्यातली काही भावंडं दुकानांच्या खिडक्यांत गेली, काहींचे गणवेश झाले. मला शिंप्याने मापून कापलं, वरच्या काठाला भोकं पाडली आणि मदतनिसाला म्हणाला, "हा दवाखान्याचा. याला झालर नको." तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं.

पण दवाखान्यातल्या मावशींनी स्टुलावर चढून मला दांडीवर चढवलं आणि म्हणाल्या, "चला, आता बायकांचा जरा आब राहील." ते ऐकून मी ताठ झालो. नव्या कापडाला ताठ व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत म्हणा.

माझ्या खालच्या काठाखालून मला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. सिस्टरच्या पांढऱ्या चपला, डॉक्टरांचे बूट, दारापर्यंत येऊन परत फिरणारे नवऱ्यांचे पाय. कळ आली की बायका मला मुठीत धरायच्या. एकीने तर मला चावलंही होतं. मावशी माझ्या टोकाला गुपचूप हात पुसायच्या. आणि बाळ पहिल्यांदा रडलं की दोन्ही बाजूंची माणसं एकदम गप्प व्हायची. तो क्षण मला सगळ्यात आवडायचा.

मात्र एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. मी उघडा असलो की सगळे त्या बाईशी बोलायचे. "ताई, कसं वाटतंय? घाबरू नका हं." मला ओढलं की तिच्याशी बोलणं थांबायचं आणि हुकूम सुरू व्हायचे. "पाय वर. जोर लावा. ओरडताय काय, तुम्हीच पहिल्या आहात का?" सुई टोचायची, पण कसली ते सांगायचं नाही. माणसं वाईट नव्हती. दमलेली होती, आणि खाटा कमी होत्या. पण पडदा ओढला की विचारणं संपलं, अशी तिथली रीतच पडून गेली होती.

एके सकाळी माझ्या दोन बाजूंना दोन बायका आल्या. एका बाजूला शाळेत शिकवणाऱ्या बाई. दुसऱ्या बाजूला चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक तरुण मुलगी, तिची पहिलीच खेप. कळा अजून लांब होत्या. दोघी माझ्या आडून बोलू लागल्या.

"फार दुखतंय का गं?" बाईंनी विचारलं.

"मधूनमधून. तुम्हाला?"

"माझं परीक्षेसारखं चाललंय. तारीख पुढे ढकलली, आणि धास्ती वाढली."

चष्मेवाली हसली. मग ती तिच्या कामाबद्दल सांगत बसली. "दिवसभर माझं एकच वाक्य. ही काच बरी, की आधीची? आता बघा, ही बरी की ती? गिऱ्हाईक वैतागतं. पण न विचारता काच बसवली तर डोकं त्याचं दुखणार, माझं नाही."

"माझं उलट," बाई म्हणाल्या. "मी विचारत सुटते आणि पोरं तोंडातून अक्षर काढत नाहीत."

तेवढ्यात चष्मेवालीला जोराची कळ आली. तिने मला असं खेचलं की माझं एक कडं तुटून खाली पडलं. सिस्टर आल्या, धाकटे डॉक्टर आले आणि मला पुरतं ओढून घेतलं गेलं.

दुपारपर्यंत तिला मुलगी झाली. वार पडली. मावशी बाळाला वजनाला घेऊन गेल्या आणि आईची मान तिकडेच वळली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, तांबी द्या."

तांबी म्हणजे पुढचं मूल लांबवण्यासाठी गर्भाशयात बसवतात ते लहानसं साधन. पुष्कळ बायका ते आपणहून मागतात.

सिस्टर थबकल्या. "यांना विचारलंय का?"

"सही आहे ना. द्या लवकर, पलीकडची थांबलीय."

सिस्टरनी तांबी दिली. चष्मेवालीला काहीच कळलं नाही. ती बाळाकडे बघत होती.

भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर दोन्ही बाजूंनी आहेत. पण तोंड एकाही बाजूला नाही.

दोघी आपापल्या बाळांना घेऊन घरी गेल्या. बायका जातात, मी राहतो. मला धुतलं, वाळवलं, पुन्हा टांगलं. तुटलेल्या कड्याच्या जागी मावशींनी सुतळी बांधली.

काही महिन्यांनी चष्मेवाली पुन्हा आली. मी तिला आधी ओळखलंच नाही. गाल बसले होते, नखं पांढरी पडली होती. बरोबर शाळेतल्या बाई होत्या, आणि दाराशी बाळाला घेऊन तिच्या सासूबाई. दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ऑफिसात बसून मला काही कळायचं नाही. जिथे झालं तिथेच सांगा." खाटा त्या दिवशी रिकाम्या होत्या. धाकटे डॉक्टर आणि सिस्टर यांनाही बोलावलं होतं.

चष्मेवाली सावकाश बोलली. "मी भांडायला आले नाही. बाळंतपणानंतर माझ्या अंगावरून जाणं थांबायचं नावच घेईना. पोटात दुखायचं. दुकानात चक्कर येऊन पडले. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे."

"मीही तेच म्हणाले," सासूबाई दारातून म्हणाल्या. "म्हटलं, आम्हाला काय कमी झालं होतं? आणि सगळं केलंच की आम्ही. चुकले मी."

"शेवटी दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तांबी आहे की आत, तुम्हाला माहीत नाही? मला माहीत नव्हतं. माझ्याच अंगात काय आहे ते मला परक्या बाईने सांगितलं. मला एवढंच विचारायचंय, मला का नाही विचारलं?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मी विचारतो. सगळ्यांना विचारतो. कळांच्या भरात त्यांना आठवत नसेल."

मला वाटतं, ते खोटं बोलत आहेत असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. रोज इतक्या खाटा. पण मी चष्मेवालीचा चेहरा पाहिला. ती गोंधळली. खरंच विचारलं असेल का? मीच विसरले का? घरच्यांनी इतके दिवस तिचं खरं मानलं नव्हतं, आणि आता ती स्वतःही मानेनाशी होत होती.

"मला आठवतंय," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "मी पलीकडच्या खाटेवर होते. कुणी विचारलं नाही. मला वाटलं, हिला आधीच विचारलं असेल, म्हणून मी बोलले नाही."

"मध्ये पडदा होता," डॉक्टर म्हणाले.

"कापडाचा आहे तो, डॉक्टर. शेवटच्या बाकावरची कुजबुज मला फळ्याशी उभं राहून ऐकू येते."

मोठ्या बाईंनी दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी डॉक्टर आणि सिस्टरना चष्मेवालीच्या खाटेपाशी उभं केलं. "नेहमी काम करताना जेवढ्या आवाजात बोलता, तेवढ्याच आवाजात काहीही बोला. मी पलीकडे उभी राहते." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मला ओढलं.

माझ्या एका बाजूला मोठ्या बाई, शाळेतल्या बाई आणि चष्मेवाली. दुसऱ्या बाजूला ते दोघं. डॉक्टरांनी घसा खाकरला. सिस्टर माझ्या सुतळी बांधलेल्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सही आहे ना. द्या लवकर, पलीकडची थांबलीय."

डॉक्टरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

पलीकडे शाळेतल्या बाई म्हणाल्या, "ती पलीकडची म्हणजे मी. हेच ऐकलं होतं मी. अगदी हेच."

मोठ्या बाईंनी मला लगेच बाजूला केलं नाही. माझा काठ हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मला बाजूला सारलं तेव्हा डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

"सही होती," ते म्हणाले.

"ती बाळंतपणासाठी होती. याच्यासाठी नव्हती," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"असेलही भल्याचं," चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलंही असतं. पण काच माझ्या डोळ्यांना बसणार होती ना?"

खोलीत नळाचं पाणी टपटपत होतं.

"मी विचारलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "सिस्टरनी मला अडवलं होतं, तरीही."

"अडवलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "एकदा विचारलं, आणि मग मीच दिली."

चष्मेवालीने सासूबाईंकडून मुलीला घेतलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. 'मी विचारलं नव्हतं', ती याच एका वाक्यासाठी आली होती. पुढे डॉक्टरांची चौकशी झाली, त्यांना प्रसूतीच्या कामातून काढलं. पण झालेला त्रास कुठल्या चौकशीने भरून येतो?

मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "ती काढायची का? इथे काढू, की दुसरीकडे जाणार? की अजून विचार करायचाय?"

"उद्या सांगितलं तर चालेल?"

"चालेल की."

मला वाटतं, त्या खाटेवर कुणाला उद्यापर्यंतचा वेळ मिळाला, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर सिस्टरनी एक सवय लावून घेतली. माझ्यावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "पडदा ओढू का?" आणि उत्तराची वाट बघायच्या. आधी मावशी हसायच्या. "यात काय विचारायचं, बाई? पडदाच तो." पण पडद्यापासून सुरुवात केली की पुढचंही विचारावं लागतं. सुई कसली, कशासाठी, देऊ का. हळूहळू मावशीही विचारू लागल्या. त्यांची हात पुसायची सवय मात्र शेवटपर्यंत गेली नाही.

आता मी विरलोय. माझ्यातून उजेड आरपार जातो. नवे पडदे आलेत, उद्या माझी फडकी होतील. त्याचं दुःख नाही. जे माझ्यामागे काम करतात त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की मी बाईला बाहेरच्या नजरांपासून झाकायला आहे. तिला तिच्याच अंगापासून लपवायला मला कुणी शिवलं नव्हतं.

काल एक मुलगी आली. घाबरलेली, घामाने ओली. सिस्टरनी विचारलं, "पडदा ओढू का?"

सिस्टर थांबल्या. मग ती म्हणाली, "नको. मला खिडकी दिसतेय."

मी भिंतीशी गोळा होऊन उभा राहिलो. त्या खाटेवरून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला नको म्हटलं होतं, आणि ते ऐकलं गेलं होतं.