उघडा राहिलेला ‘जर’

मित्रांनो, मी विद्यापीठातल्या संगणक विभागाचा काळा फळा. वय विचारू नका, तीनदा रंग चढलाय अंगावर! सुताराने मला इथे ठोकलं, तेव्हा मुलं पहिल्या बाकासाठी भांडत. संगणकाच्या भाषा कशा घडवायच्या, ते माझ्यावरच शिकवलं जाई. पुढे प्रोजेक्टरचा पडदा आला आणि मी त्याच्यामागे गेलो. महिनोन्‌महिने मला कुणी पुसलंसुद्धा नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग वर्गात मावशी आल्या. इतर मुलांहून वीस वर्षांनी मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. स्वतःची एक छोटी भाषा घडवून दाखवायची, ही त्यांची परीक्षा. एकदा नापास झाल्या होत्या आणि आता ही शेवटची संधी होती. रोज सकाळी तासाच्या आधी येऊन त्या पडदा वर सरकवत आणि माझ्यावर लिहीत.

गाडी एकाच वाक्यावर अडली होती: ‘जर भूक असेल तर, जर जेवण तयार असेल तर जेव, नाहीतर झोप.’

“मावशी, हा ‘नाहीतर’ कुठल्या ‘जर’चा?” सरांनी विचारलं. “भूक नाही म्हणून झोपायचं, की जेवण नाही म्हणून उपाशीपोटी?”

वर्ग हसला. सर म्हणाले, “जवळच्या ‘जर’चा, असा नियम पुस्तकात आहे. तो घाला आणि सुटा.”

“नियम पाठ आहे हो सर. पण वाचणाऱ्याला तो दिसतो कुठे? मी प्रत्येक ‘जर’च्या शेवटी ‘संपलं’ लिहायला लावणार.”

“अहो, या भाषेत आधी लिहिलेले तुमचे चाळीस प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागतील!”

“लिहीन की!”

आणि लिहिले. खडूंचे तुकडे झाले, बोटं पांढरी झाली, पण बाई हटल्या नाहीत.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक मॅडम आल्या. त्यांनी एकात एक तीन ‘जर’ घालून प्रोग्रॅम लिहायला सांगितला. मावशींनी तो आधी माझ्यावर मांडला, मग संगणकावर टाइप केला. संगणक अडून बसला: ‘ओळ तीन: एक जर उघडा आहे.’ घाईत एक ‘संपलं’ राहिलं होतं! मावशींचा चेहरा उतरला.

मॅडम मात्र खळखळून हसल्या. “अहो, तुमची भाषा तुम्हालासुद्धा सोडत नाही!”

मावशी सावरल्या. “सोडायलाच नको, मॅडम. अंदाजाने काहीतरी करून बसली असती, तर चूक मला कळलीच नसती.” त्यांनी ‘संपलं’ लिहिलं. प्रोग्रॅम चालला आणि मावशी पास झाल्या.

जाताना त्यांनी मला काठापासून काठापर्यंत पुसलं. मित्रांनो, माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यावर खुशाल चुका, पण जाताना मला पुसून जा. पुढच्यालाही चुकायला जागा लागते.